खिडकीतलं नवं

आमच्या सुनेच्या खिडकीत कचरा उगवतो. उगाच बोलत नाही, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे एका डोळ्याने, कारण दुसऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यावर प्लास्टिकची झाकणी चिकटवलेली होती. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लावायचं नाही, चुलीच्या धुरात बसायचं नाही. तलासरीच्या पलीकडे आमच्या पाड्यावर यातलं काही केल्याशिवाय बाईमाणसाचा दिवस सरत नाही. म्हणून माझ्या मुलाने, सुरजने, मला उचलून डहाणूला त्याच्या फ्लॅटवर आणून ठेवलं.

सुरज सकाळी बँकेत जातो. निधी, म्हणजे सून, वापीच्या कुठल्याशा कंपनीचं काम घरी बसून लॅपटॉपवर करते. पोरगी गुजरातच्या सीमेवरच्या झाईची. वडिलांची चिकूची वाडी, आणि घरात मराठी-गुजराती अशी कालवलेली की वाक्य एका भाषेत सुरू होतं आणि दुसरीत संपतं. दोघांनी एकमेकांना कॉलेजात पसंत केलं, आम्ही मागाहून. मला ती 'मम्मी' म्हणते. पहिल्यांदा तशी हाक आली तेव्हा, कोणाला बोलावते म्हणून मी मागे वळून पाहिलं होतं.

तर तिची ती खिडकी. स्वयंपाकघराच्या ओट्याला लागून, सकाळचं ऊन येणारी. तिथे ग्लास, वाट्या, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या ओळीने मांडलेल्या. एकात पातीच्या कांद्याची मुळासकट कापलेली बुडखं. दुसऱ्यात पुदिन्याच्या पानं खुडलेल्या काड्या. आइस्क्रीमच्या डब्यात माती आणि मातीत आल्याचा सुकलेला तुकडा. बशीत मुळ्याचा शेंडा. आणि एका उंच बरणीत गवती चहाचे देठ, ज्याला त्यांच्या झाईकडे 'लीली चा' म्हणतात.

मी म्हटलं, "निधी, हे टाकायचं राहिलं का गं?"

"नाही मम्मी, उगवतंय ते."

मी जन्मभर अंगणवाडी चालवली. पोरांना मोड आलेली मटकी हातात धरून दाखवली, तेव्हा मला कोंबाचं नवल नाही. पण कापून खाल्लेल्या कांद्याने पुन्हा हिरवं व्हायचं म्हणजे जरा जास्तच झालं. मी ठणकावून सांगितलं, हे कुजणार. पाण्याला घाण सुटेल, डास होतील, आणि खालची मंडळी भांडायला येतील. निधी रोज सकाळी पाणी बदलायची, मुळांवरची बुळबुळ अंगठ्याने हळूच पुसायची आणि मुळं बुडतील एवढंच पाणी भरायची. कांदा काही कुजला नाही. त्याच्या मधोमध हिरवं टोक आलं आणि रोज वर सरकायला लागलं. मग मीच सकाळी चहाच्या आधी खिडकीशी जायला लागले. झाकणीचा डोळा मिटून उरलेल्या डोळ्याने बघायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, वारा खाते.

डोळ्यात थेंब निधी घालायची. मला उशीला टेकवून, पापणी दोन बोटांनी धरून, "झालं हं मम्मी, झालं, झालं," असं म्हणत. एका थेंबासाठी एवढं मला माझ्या आईनेसुद्धा कधी गोंजारलं नव्हतं. माझ्या मनात यायचं, पोरगी गुणाची आहे. तोंडावर म्हणायचे, "गालावर सांडलं बघ."

इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. मग निधीने पात कापली.

दुपारच्या जेवणाला पिठलं होतं आणि त्यावर बारीक चिरलेली हिरवीगार पात. माझ्या ताटात तिने सगळ्यांत जास्त घातली. "घरची आहे," असं म्हणून समोर बसून राहिली. आणि मी काय केलं? पात बोटाने बाजूला सारली, ताटाच्या कडेला लावली, आणि खालचं पिठलं तेवढं खाल्लं. म्हटलं, पित्त होतं गं मला.

मला पित्त होत नाही. दगड पचवेन मी. पण आमच्या घरात 'नवं' असतं. रानातली पावसाळ्यातली कोवळी भाजी असो, परसातली काकडी असो, नाहीतर खळ्यावरचं भात. आपल्या घरच्या हाताने जे उगवलं, ते आधी घरच्या देवाला दाखवायचं, मग आपण तोंडात घालायचं. बाजारातून आणलेल्याला हे लागू नाही. ते ज्याने पिकवलं त्याने आपल्या देवाला दाखवलं असेल, असं धरून चालायचं. पण घरचं नवं देवाआधी खाल्लं असं माझ्या हातून कधी झालेलं नाही. लहानपणी भुकेने जीव जात असतानाही नाही. आणि आमचा देव, हिरवा देव, आहे पाड्यावरच्या घरात, मोरपिसांच्या जुडीत. डहाणूच्या फ्लॅटमध्ये आहे ते कॅलेंडर.

सरळ सांगून टाकायचं ना, म्हणाल. सांगितलं असतं. पण लग्नात निधीची आई आमच्या घरी आली होती. बाई साधी आहे, मनात काही नाही तिच्या. देवाच्या कोपऱ्यातली पिसं पाहून तिने विचारलं, "शोभेला लावलीत का? छान दिसतात." तिच्यासोबत आलेल्या दोघीतिघी शेजारणी हसल्या. मला ते लागलं. त्यातून सुरजनेही मला बाजूला घेऊन बजावलं होतं, आई, आपलं सगळं एकदम तिच्यावर लादू नको. तेव्हापासून मी ठरवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. आपला देव आपल्या पोटात.

पण मूठ झाकून पोट भरत नाही. दुसऱ्या दिवशी पुदिन्याची चटणी आली. मी म्हटलं, तिखट लागेल. मग मुळ्याचा पाला घातलेली कढी आली, तर म्हटलं, दात दुखतोय. एका सकाळी तिने त्या गवती चहाची पात टाकून चहा केला. आता चहा म्हणजे माझा जीव की प्राण, आणि वास असा सुटला होता की शेजारी दाराशी यावेत. मी कप हातात घेतला, वास घेतला आणि परत ठेवला. "मला साधाच कर गं." तिने तो कप उचलला, मोरीत ओतला आणि साधा चहा टाकला. तिची पाठ माझ्याकडे होती. त्या पाठीवरूनही मला कळलं, पोरगी दुखावली आहे.

रात्रीच्या जेवणाआधी ती सुरजशी स्वयंपाकघरात बोलत होती. माझा डोळा अधू होता, कान नव्हते.

"मम्मी माझ्या हातचं खात नाहीत."

"अगं, खाते की. भाकरी खाल्ली ना?"

"भाकरी खातात. मी जे स्वतः वाढवलं, ते खात नाहीत. प्रत्येक वेळी नवीन कारण."

"नसेल आवडत," माझा दिवटा म्हणाला. ज्याने लहानपणी प्रत्येक नव्याला माझ्या शेजारी बसून हात जोडले, त्याला ओट्यावरचं नवं दिसलं नाही. कारण त्याच्या लेखी शेत म्हणजे शेत आणि ग्लास म्हणजे ग्लास.

खरं तर मलाही खात्री नव्हती. बाजारातला कांदा, एकदा खाल्लेला, पाण्यात ठेवलेला. त्याला नवं म्हणायचं का? मी माझ्या दिराला, लाहूभाऊजींना, फोन लावला. घरचे देव तेच सांभाळतात.

"वयनी, कांदा बाजारचा ना? मग त्याला कसला नवा? खा बिनधास्त," ते म्हणाले.

मला हायसं वाटलं. पण चहाचं पाणी उकळायच्या आत त्यांचाच फोन आला. "मातीत लावला का पाण्यात?"

"पाण्यात."

"पाण्यात कधी काही पिकतं का? मग तो उगवलाच नाही." आणि जरा थांबून, "पण पात आली म्हणतेस. तू उगवताना बघितलीस?"

"रोज बघते."

"तुझ्या घरात, तुझ्या डोळ्यादेखत उगवली, तर मग नवीच झाली की. नको खाऊ. देवाला इकडे काय तोंड दाखवू मी?"

विचारायला गेले आणि स्वतःच अडकले, याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. आता पात खाल्ली तर देवाचा अपराध, न खाल्ली तर सुनेचा. देव माझा जुना आहे, रुसला तरी समजूत काढता येईल. सून नवी होती. तिच्या मनात एकदा बसलं की सासू आपल्या हातचं खात नाही, तर ते निघायला आयुष्य जाईल, आणि माझं आता तेवढं उरलेलं नाही. मी ठरवलं, संध्याकाळी सगळं सांगून टाकायचं. हसली तर हसली.

ठरवलं आणि दुपारची आडवी झाले. उठून बघते तर खिडकी स्वच्छ. ग्लास धुऊन पालथे घातलेले, काच पुसलेली. निधी ओट्याशी उभी होती.

"जागा मोकळी केली मम्मी. तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणाला होतात ना, वास येतो, डास होतात." हे सगळं हसून. त्या हसण्याने माझ्या जिवाचं पाणी झालं. मी काही बोलणार तेवढ्यात तिचा फोन वाजला, आणि ती लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेली.

मी चपला घातल्या आणि जिना उतरले. फाटकाजवळ ओल्या कचऱ्याचा हिरवा ड्रम असतो. वॉचमन हाल्या खुर्चीत बसला होता. तो आमच्याच बाजूचा, बायको माझ्या अंगणवाडीत शिकलेली.

"बाय, तिथं काय बघतेस?"

"कांदा."

"घरात कांदा नाही? मी आणून देतो."

"तू गप बस," मी म्हटलं आणि ड्रममध्ये वाकले.

कोणाच्या मासळीची खवलं, कोणाच्या चहाचा चोथा, पपईची सालं. एक कांदा सापडला, पात मोडलेली. दुसरा सापडला, मुळं शाबूत. पुदिन्याच्या काड्यांचा चेंदामेंदा झाला होता. चहाच्या देठांसाठी मी खांद्यापर्यंत हात घातला, तेवढ्यात वरून किंकाळी आली आणि पाठोपाठ जिन्यावर पावलं.

"मम्मी! वाकलात तुम्ही? कचऱ्यात?"

"वाकले. पुढे?"

"डॉक्टरांनी काय सांगितलंय? डोळ्याचं काही झालं म्हणजे?"

"होऊ दे. तू माझी पात कोणाला विचारून फेकलीस?"

"तुमची?" आता तिचाही आवाज चढला. बरं वाटलं मला, पोरीला आवाज आहे. "तुमची पात? तोंडसुद्धा लावलं नाहीत तिला! रोज ताटाच्या कडेला! मी बघत नव्हते का?"

हाल्याने खुर्ची उचलली आणि फाटकाबाहेर जाऊन बसला. शहाणा माणूस.

निधी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली. मग खाली बघत म्हणाली, "खरं सांगा मम्मी. मी वाडीवाल्यांची म्हणून ना? सुरजने सांगितलंय मला, तुमची आई आमच्याकडच्या वाड्यांवर चिकू उतरवायला यायची. बाहेर ओटीवर बसवून जेवायला द्यायचे, ते पण सांगितलंय. मला वाटलं, तो राग असेल तुमच्या मनात. माझ्या हातचं कसं गोड लागेल तुम्हाला?"

मी काय काय कल्पना केल्या होत्या, पण ही नाही. ही पोर इतके दिवस हे ओझं घेऊन माझ्या डोळ्यात थेंब घालत होती. डोळ्याला पाणी लावायचं नाही हे सांगणाऱ्या डॉक्टरला सून नसणार. मी पदराने उजवा डोळा पुसला, आणि ऑपरेशनचा डावा तिने घाईघाईने स्वतःच्या रुमालाने टिपला. तसंच तिच्या शेजारी पायरीवर बसून मी तिला सांगितलं. नवं सांगितलं, हिरवा देव सांगितला, लाहूभाऊजींचे दोन फोन सांगितले. माझ्या हाताला मासळीचा वास मारत होता.

ती हसली नाही. तिने फक्त विचारलं, "मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू हसशील म्हणून."

"मी कधी हसले?"

नव्हती हसली. हसल्या त्या शेजारणी होत्या, आणि त्यांचा दंड मी हिच्याकडून वसूल करत होते. तसं मी म्हटलंही.

"म्हणजे मी ग्लासात लावलं, ते तुमच्या हिशेबाने शेती झाली?" निधीने विचारलं.

"झाली. एवढीशी झाली, पण झाली."

तेव्हा मात्र ती हसली, पण ते हसणं वेगळं होतं. माझ्या हातातले दोन कांदे घेऊन ती वर गेली. नळाखाली धुतले, ग्लास सुलटा केला आणि त्यांना पुन्हा खिडकीत बसवलं. मोडकी पात असलेला दोन दिवसांत मान टाकून गेला. दुसरा जगला. त्याला वीतभर पात येईपर्यंत आम्ही दोघी रोज सकाळी उघडपणे वारा खात होतो.

डॉक्टरांनी प्रवासाला होकार दिल्यावर आम्ही रविवारी निघालो. सुरज गाडी चालवायला, मी पुढे, आणि निधी मागच्या सीटवर मांडीत ग्लास धरून. पाणी सांडू नये म्हणून सुरजला प्रत्येक खड्ड्याला बोलणी खावी लागली, आणि रस्त्याला खड्डे कमी नाहीत. विवळवेढ्याला महालक्ष्मीला गाडीतूनच हात जोडले. तलासरीला निधीने थांबून नारळ घेतला. लागतो का, असं विचारलं नाही, घेतला.

लाहूभाऊजी धुतलेला सदरा घालून तयार होते. घर सारवलेलं, देवापुढे पळसाचं पान, त्यावर चिमूटभर तांदूळ. निधीने ग्लास पुढे केला. भाऊजींनी वाकून पातीकडे पाहिलं, मुळांकडे पाहिलं, बोटाने पाणी हलवून पाहिलं. "माती नाहीच," ते पुटपुटले, "पण वास पातीचा आहे." मग त्यांनी जमिनीवर दोन थेंब टाकले आणि देवाशी जे बोलायचं ते हळू आवाजात बोलून घेतलं. पात कापून झाल्यावर माझ्याकडे हात केला.

"ये वयनी."

आमच्यात नवं घरच्या बाईच्या हाताने ठेवतात. माझी सासू होती तोवर ते तिच्या हाताने झालं. शेवटच्या वर्षी तिला उभं राहवत नव्हतं, तरी दोघांनी धरून तिला देवापुढे आणलं होतं. माझ्या हातात तिने दिलं नाही. ती गेली, तेव्हा ते माझ्याकडे आलं. रीतच तशी आहे. मी रागावले नव्हते, पण दर वर्षी तिच्या मागे उभी राहून मी माझे रिकामे हात बघायचे, हे खरं.

मी पात घेतली आणि निधीच्या ओंजळीत ठेवली. "जा. तू वाढवलीस, तू ठेव."

"वयनी," भाऊजी दचकले, "तू आहेस की अजून."

"आहे ना. बघायला आहे."

निधीने सुरजकडे पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता, आणि त्याला काय झालं होतं ते त्याच्या आईला न बघताही कळत होतं. मग निधीने डोक्यावर ओढणी घेतली, गुडघे टेकले आणि पात पळसाच्या पानावर ठेवली. काय म्हणायचं ते तिला माहीत नव्हतं. ती तिच्या भाषेत काहीतरी बोलली. देवाला गुजराती कळत असणार, इतकी वर्षं तो सीमेवर राहतो.

भाऊजींनी भाकरीचा तुकडा आणि थोडी पात तिच्या हातात परत दिली. पहिला घास घरातल्या मोठ्याला द्यायचा असतो. ती माझ्यापुढे येऊन बसली, घास माझ्या तोंडाजवळ आणला आणि तिथेच थांबली. मी तोंड उघडलं आणि खाल्लं. चव म्हणाल तर पातीचीच होती, जरा तिखट. गिळून होईपर्यंत तिने माझ्यावरची नजर काढली नाही.

"आणखी दे," मी म्हटलं.